लाल ठिपका

बंदरावर झाडलोट करणारा तो सीगल पक्ष्यांना बिनपगारी मदतनीस म्हणायचा. मासळीची अर्धी घाण तेच फस्त करायचे. म्हणून गोदामाच्या छपरावरून पडलेलं त्यांचं करडं पिल्लू त्याने घरी आणलं. पिवळ्या चिमट्यात मासा धरून विनवण्या केल्या, पण पिल्लाने चोच उघडली नाही. आई गेल्यापासून त्याची लेकही त्याच्या हातचा घास नाकारत होती. खिडकीतून पक्षी न्याहाळत तीच म्हणाली, "बाबा, ह्यांच्या आईच्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लू त्यालाच टोचतं." तो घुटमळला. मग कपाटातली, कुणाला शिवू न दिलेली बायकोची नेलपॉलिश काढून त्याने चिमट्यावर ठिपका दिला. पिल्लाने ठिपक्याला टोचून आ वासला. लेक खुदकन हसली. संध्याकाळी तो ताट घेऊन बसला, तेव्हा त्याच्या रापलेल्या अंगठ्याचं नख लाल होतं. लेकीने नखावर बोट टेकवून आ केला.