सातवा ग्रह

सकाळी अकरा वाजता समाजशास्त्राच्या बाईंनी पहिल्या वर्षाच्या वर्गात चिठ्ठ्या काढल्या आणि अर्धा वर्ग पहिल्या ग्रहाचा, अर्धा सातव्या ग्रहाचा झाला. नियम एकच: पहिल्या ग्रहाने परवानगी दिल्याशिवाय सातव्याने बसायचं नाही. समाजातली उतरंड पुस्तकापेक्षा अशी विज्ञानकथा वर्गात वठवून लवकर कळते, असं बाईंचं मत. तास संपताना त्या म्हणाल्या, "संपली गोष्ट. आता सगळी माणसं!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तर सातवा ग्रह भिंतीला टेकून उभाच.

"अरे, बसा की! गोष्ट कालच संपली ना?"

चष्मेवाल्या मुलीने बाईंकडे पाहिलंही नाही. पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीला तिने विचारलं, "बसू?"

"बघू. आधी माझी बॅग उचल."

वर्ग खिदळला. बाई तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "सर, किळस आली हो मला. हा ग्रहांचा खेळ थांबवायला हवा."

"कशाला? पोरं पहिल्यांदाच शिस्तीत आहेत," फायलीतून मान वर न काढता प्राचार्य म्हणाले.

टेबलासमोरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. बाई अजून उभ्याच आहेत. बसा, असं सर म्हणालेले नाहीत.