नावाड्याचा हात

“कसं दिसलं?” दार उघडता उघडताच काकूंनी विचारलं.

“बरं दिसलं,” काका म्हणाले आणि चपला काढून हातपाय धुवायला सटकले.

बरं! लग्न झाल्यापासून बिचाऱ्या एवढंच ऐकत आल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये काकांचं बंधुमंडळ भरायचं. कुणी आजारी पडला तर पाळीपाळीनं उशाशी बसणारी, कुणाचं छप्पर गळलं तर शिडी घेऊन धावणारी ती साधी माणसं. नवा सभासद घ्यायचा असला की हॉलमध्ये अंधार करायचा, जादूच्या कंदिलातून भिंतभर चित्रं दाखवायची, एकेकाचा अर्थ सांगायचा आणि शेवटच्या चित्रापुढे शपथ द्यायची, असा त्यांचा रिवाज होता. कंदील चालवायचे काका. चित्रं मात्र झाडून सगळी काकूंच्या हातची. तळहाताएवढ्या काचेवर, चार केसांच्या कुंचल्यानं, श्वास रोखून रंगवलेली. काय हात होता हो बाईचा! तांदळाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावरसुद्धा त्या माणसाची भीती दाखवायच्या.

आणि हीच चित्रं मोठी होऊन भिंतीवर कशी दिसतात, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये बायकांना मज्जाव. आतलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, अशी काकांना शपथ. काका शपथेचे असे पक्के, की झोपेतसुद्धा बरळायचे नाहीत.

आता काकूंचे डोळे चालले होते. दिसतंय तोवर पाहून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी कुंचले धुतले, डब्यात ठेवले आणि काकांसमोर येऊन बसल्या.

“अहो, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एकदा, एकदाच माझं चित्र मोठं झालेलं पाहायचंय. मग पाहायला काय डोळे उसने आणू?”

काकांनी भीतभीत बैठकीत विषय काढला. अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे, आणि माणूसही तसाच, काटा जरा इकडचा तिकडे होऊ न देणारा.

“बाईनं उंबरठा ओलांडायचा नाही. नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले. काका तोंड पाडून घरी आले. काकूंची भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

पुढच्या आठवड्यात तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली.

“वहिनी, जरा रस्त्यावर येता का?”

दारात अध्यक्ष उभे. त्यांच्या मागे सगळं मंडळ, ठेवणीतले कपडे घालून. समोर हॉलची खिडकी सताड उघडी, खिडकीत कंदील आणि कंदिलामागे घामाघूम काका.

“नियम बाईनं आत येण्याबद्दल आहे,” अध्यक्ष खाकरून म्हणाले. “चित्रानं बाहेर येण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.”

काकू रस्त्यावर आल्या आणि वळून पाहतात तो त्यांच्याच घराच्या पांढऱ्या भिंतीवर समुद्र उसळलेला! छपरापर्यंत लाटा. लाटांत बुडणारा माणूस. आणि त्याच्याकडे होडीतून ओणवा होऊन हात पुढे करणारा नावाडी. येणारेजाणारे जागच्या जागी थबकले. पावाच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक टाकून बाहेर आला.

“हे मी केलं? मी?” काकूंना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही केलं. मग पदरानं डोळे कोरडे करून त्यांनी चित्र नीट न्याहाळलं आणि एकदम किंचाळल्या.

“अगं बाई! सहा बोटं!”

होतीच सहा. नावाड्याच्या अंगठ्याशेजारी त्यांनी सावलीची म्हणून एक रेघ ओढली होती. काचेवर ती केसाएवढी. भिंतीवर तिचं चांगलं मुसळाएवढं बोट झालं होतं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आणि इतकी वर्षं तुम्ही मला बरं दिसलं, बरं दिसलं म्हणून सांगताय?” त्या खिडकीकडे पाहून कडाडल्या. “आणा ती काच इकडे. डोळे आहेत तोवर पुसून टाकते!”

“नको!” सगळं मंडळ एका आवाजात ओरडलं.

अध्यक्षांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग काकूंच्या जवळ आले, आवाज अगदी खाली आणला आणि जन्मात पहिल्यांदा नियम मोडला.

“वहिनी, पाच बोटं आपल्या घरासाठी, सहावं दुसऱ्यासाठी, हेच तर आम्ही आत शिकवतो. त्या बोटावर हात ठेवून शपथ घेतल्याशिवाय आमच्यात कुणी कुणाचा भाऊ होत नाही.”