दोन गुराबा

"काहून, भाऊ? दोन दिवस झाले, रंदा ऐकू नाही येऊन राह्यला. जहाज सोडून पळाला का?" तट्ट्यापलीकडून कैलाश बोलला.

केवळरामने मान वर केली नाही. काचेच्या तुकड्याने तो जहाजाची बाजू तासत होता.

"पळणारं कोण, ते शनिवारी दिसंल तुले," तो म्हणाला.

"दिसंल ना. तुहं खोकं पाण्यात, अन् तू रस्त्यावर."

बापाच्या मागे दोघा भावांनी छपरीच्या मधोमध हा बांबूचा तट्टा उभा केला होता. त्याला सात वर्षं झाली. पवनीच्या घाटावर याच छपरीत बापाने जन्मभर नदीतले डोंगे बनवले. अर्ध्या छपरीत धड डोंगा मावत नव्हता. पण थोरला केवळराम हटत नव्हता आणि धाकटा कैलाशही हटत नव्हता.

मग भंडाऱ्याच्या एका शाळेचं काम आलं. शाळेला मराठा आरमारातली गुराब लाकडात हवी होती, मूळ जहाजाच्या एका फुटाला अर्धा इंच या मापाने. ती दालनातल्या हौदात तरंगत ठेवायची होती. मुख्याध्यापिका रिता मॅडमनी दोघांनाही एकच चित्र दिलं. जास्त चांगलं होईल ते जहाज घेऊ, म्हणाल्या. चित्रात पुढे टोकदार नाळ होती, तोफांची भोकं होती, दोन उंच डोलकाठ्या होत्या. सगळं बाहेरूनच काढलेलं.

गावातल्या पुंडलिकरावांनी वाद मिटवायला तेवढ्यात संधी साधली. "ज्याचं जहाज शाळा घेईल त्याची छपरी. दुसऱ्याने आपली हत्यारं उचलून निघायचं," ते म्हणाले. दोघांनी रागारागात कागदावर सह्या केल्या.

केवळरामने सागवान इतकं पातळ केलं होतं की उजेडाला धरलं तर लालसर दिसायचं. बापाने त्याला नाव हलकेपणावर पारखायला शिकवलं होतं. डोलकाठ्या लावण्याआधी त्याने जहाज नदीत सोडून पाहिलं. डोंगेसुद्धा असेच रिकामे पाहायची रीत होती. जहाज फुलासारखं तरंगलं. कैलाशनेही त्याच दिवशी आपलं सोडलं. तेही तरंगलं.

पण कैलाशचं कोरीवकाम सरस होतं. केवळरामने ते तट्ट्याच्या फटीतून पाहिलं होतं.

"छपरी गेली तर लोकाच्या दारोदार रंदा घेऊन फिरसान," मंदाबाई चहाचा कप आदळत म्हणाली. ती केवळरामची बायको. "मी नाही येणार मांगं मांगं."

"मंग काय करू? फोडू त्याचं?"

"फोडलं तर सारा गाव तुमचंच नाव घेईन. आपोआप बुडलं तर कोण का म्हणते?"

शुक्रवारी कैलाश तोफांसाठी पितळी नळी आणायला भंडाऱ्याला गेला. भरदुपारी केवळराम तट्ट्याच्या पलीकडे शिरला. मंदाबाई दारात तांदूळ निवडत बसली.

कैलाशच्या जहाजावरची मधली फळी अजून ठोकलेली नव्हती. केवळरामने ती उचलली आणि पोटात लोखंड ठेवायला सुरुवात केली. मोडके विळे, नट, फाळाचा तुकडा. ओझं एका अंगाला गेलं असतं तर जहाज कललं असतं आणि कैलाशला संशय आला असता. म्हणून त्याने एकेक तुकडा तळाच्या मधल्या कण्यालगत सारखा मांडला. हलू नये म्हणून तारेने घट्ट बांधला. वरून काळी रंगवलेली पट्टी बसवली. सहा-सात किलो भरलं असेल. जहाज तोफांच्या भोकांपर्यंत खाली बसलं की पाणी आपणच आत शिरेल, असा त्याचा हिशोब होता.

"किती वेळ लावता?" मंदाबाई बाहेरून पुटपुटली.

"चूप बस. काम बरोबर होऊ दे."

संध्याकाळी कैलाश आला. केवळराम तट्ट्याला कान लावून बसला. थोड्या वेळाने हातोडी वाजली. मधली फळी ठोकली गेली.

शनिवारी सकाळी शाळेचा टेम्पो आला. सोबत आलेल्या चार माणसांनी दोन्ही जहाजं उचलून चढवली. कैलाशला हातही लावावा लागला नाही.

हौदाभोवती पोरं दाटीने उभी होती. पुंडलिकराव कागद खिशात घालून आले होते.

"थोरल्याचं आधी," कैलाश म्हणाला. "त्याले घरी जायची घाई आहे."

केवळरामचं जहाज पाण्यावर आलं. क्षणभर उभं राहिलं. मग डोलकाठ्या एका बाजूला झुकल्या आणि ते आडवं झालं. शिडं पाण्यावर पसरली. पोरं खदखदून हसली. केवळरामने ते सरळ केलं. ते पुन्हा पडलं.

"पोहून राह्यलं का झोपून राह्यलं, भाऊ?"

केवळरामने ओलं जहाज काठावर काढलं. कैलाशचं तळाला गेलं की कागदाला अर्थ उरणार नव्हता. निदान अर्धी छपरी तरी वाचणार होती.

कैलाशचं जहाज सोडलं. ते खाली बसू लागलं. केवळरामची नजर तोफांच्या भोकांवर होती. भोकांच्या चार बोटं खाली पाणी थांबलं. एका पोराने मुद्दाम हौदात लाट उठवली. जहाज डुललं आणि पुन्हा ताठ उभं राहिलं.

रिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"चित्र देणारे सर म्हणाले होते, जहाज आडवं होऊ नये म्हणून पोटात वजन घालायचं असतं, ते सांगू नका. ज्याला समुद्रातलं जहाज कळतं, तो स्वतःच घालेल," त्या म्हणाल्या. "यात कोणी घातलं?"

कैलाश गोंधळला. त्याने जहाजाकडे पाहिलं, मग भावाच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मीच घातलं, मॅडम," कैलाश म्हणाला. "विचारा आमच्या भाऊले."