जास्तीचे पान

सखूबाईची लेक गौरी, गौरीची लेक शोभना आणि शोभनाची लेक अवंती. सखूबाईने गुहागरच्या बाजारात मासळी विकली, गौरीने खानावळ चालवली, शोभनाने शाळेत गणित शिकवले. तिघींचा बाणा एकच, कोणाचे देणे अंगावर ठेवायचे नाही. तिघींपैकी एकीनेही पन्नाशी पाहिली नाही; पोटात पाणी होऊन गेल्या. या घरच्या बायकांना पन्नाशी धार्जिणी नाही, असे गाव म्हणे. शोभनाची एक रीत मात्र कोणाला उलगडली नाही. लेकीच्या वाढदिवसाला ती एक पान जास्तीचे वाढायची. कोणी विचारलेच तर म्हणायची, ‘मानाचे आहे.’

ती अवंती आता सौदी अरेबियातल्या हुफूफच्या एका इस्पितळात सर्जन होती. त्या दुपारी ती ज्या खाटेशी उभी होती, त्या खाटेवरची बाई सही करायला तयार नव्हती.

मंजिरी आगाशे हुफूफला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मुलगा वैभव इथल्या खजुराच्या कारखान्यात इंजिनिअर. आतड्याला पीळ पडून पोट नगाऱ्यासारखे फुगले होते, तरी आवाजातली जरब तसूभरही उतरली नव्हती.

‘मला शिवू नका.’

‘काकू, संध्याकाळपर्यंत आतडं काळं पडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही.’

‘माझ्या रक्तात कावीळ ब आहे, ते कागदावर वाचलंस ना? पोट उघडलं की रक्त उडतं, सुया निसटतात. माझ्यापायी तुझ्यासारखी तरणीताठी मुलगी जन्मभर गोळ्या खात बसली, तर ते पाप मी कुठे फेडू?’

‘आम्ही सगळे लस घेतो, काकू.’

‘लस सगळ्यांनाच लागू पडते असं नाही.’

हे खरेच होते. अवंतीने त्यांच्याकडे रोखून पाहिले. ‘तुम्हाला हे कसं झालं?’

‘पोटाच्या ऑपरेशनात. जुनी गोष्ट आहे.’

‘तेव्हा लस निघाली नव्हती?’

मंजिरीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. ‘हाताशी नव्हती.’

‘डॉक्टर, आई पूर्वी…’ वैभवने तोंड उघडले.

‘वैभव, गप्प बस.’

 कळ ओसरेपर्यंत मंजिरीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मग हुकूम सोडावा तशा बोलल्या, ‘सही करते. पण हातमोजे दोन घालायचे, एकावर एक. धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही. मध्ये ट्रे ठेवायचा. आणि पोट शिवताना बोथट सुई.’

‘कबूल.’

बाहेर भूल देणारे डॉक्टर अली वाट पाहत होते. माणूस लखनौचा; तक्रारसुद्धा अदबीने करायचा. ‘आज तुमची पाळी नाही, मॅडम. नाव वाचलंत आणि धावत आलात. दोन हातमोजे, बोथट सुई! अम्माजींना हे व्हॉट्सॲपने शिकवलं वाटतं?’

‘जिथून शिकल्या असतील तिथून. बरोबर आहे ना?’

‘बरोबर आहे. पण रियाधला पाठवलं तर?’

‘वाटेतच जातील.’

‘मग ज्यांची पाळी आहे ते करतील. अंगावर का घेता?’

‘तुम्ही भूल द्या, अलीसाहेब. काळजी मी करते. यल्ला, चला.’

हात धुता धुता तिने नर्स स्वप्नालीला अडवले. ‘तू आत यायचं नाहीस. तुला लस लागू पडलेली नाही.’

‘पण मॅडम, तुम्ही जाताच आहात की!’

‘मला लागू पडलेली आहे,’ अवंती म्हणाली. ‘चांगली जुनी आहे.’

पोट उघडले. पिळलेले आतडे जांभळे झाले होते, काळे नव्हते. अवंतीने पीळ सोडवला, ऊन पाण्यात भिजवलेल्या फडक्यात आतडे धरले आणि थांबली.  हळूहळू जांभळ्यावर गुलाबी चढत गेले. रक्त थांबवायला दिलेल्या चटक्याचा धूर नळी ओढून घेत होती; चाकू-कात्री ट्रेमध्ये ठेवली जात होती, ट्रेमधून उचलली जात होती.

एकदाच गफलत झाली. खोलवरचा रक्तस्राव थांबवायला बोथट सुई चालेना, धारदार घ्यावी लागली. ती निसटली आणि अवंतीच्या डाव्या तर्जनीवर आली. अलींनी नको ते मनात आणून डोळे मिटले. तिने हात बाजूला घेतला, बाहेरचा हातमोजा उतरवला, बोट दिव्याखाली धरले. आतला हातमोजा शाबूत होता. नवा चढवून ती पुन्हा पोटावर वाकली.

‘घाबरला नाहीत?’ शेवटी अलींनी विचारले.

‘आमच्या घरी ती रीत नाही.’

सकाळी मंजिरीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. खिडकीबाहेर खजुरीच्या झावळ्यांवर ऊन आले होते. अवंती आत येताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो स्वतःच्या पोटाविषयी नव्हे.

‘कोणाला काही लागलं?’

‘नाही. एक सुई निसटली. बाहेरचा हातमोजा फाटला, आतला वाचला.’

‘कोणाचा हात?’

‘माझा.’

‘बघ! एकच घातला असतास म्हणजे?’ त्यांचा आवाज चढला, टाके ओढले, तरी थांबल्या नाहीत. ‘सांगितलं म्हणून घातलेस ना?’

‘हो. तुम्ही मला दुसऱ्यांदा वाचवलंत.’

‘दुसऱ्यांदा? मी तुला परवापर्यंत पाहिलंसुद्धा नव्हतं.’

अवंती खाटेच्या कडेला बसली. रुग्णाच्या खाटेवर ती कधीच बसत नसे.

‘पाहिलं होतंत, डॉक्टर. गुहागरला, माझ्या जन्माच्या वेळी आईचं पोट उघडलंत तेव्हा,’ ती म्हणाली. ‘आजीकडून आलेली कावीळ तिच्या रक्तात होती; त्या रक्ताची सुई तुमच्या बोटात गेली, कपाटात लशीची एकच कुपी होती, आणि ती स्वतः न घेता तुम्ही माझ्या मांडीत टोचलीत. आई जाईपर्यंत तुमचं पान वाढत होती; काल मी ते देणं फेडलं.’