एकोणिसावं पान

"एक पुस्तक जमा व्हायचं राहिलंय. ते आलं की कार्ड बंद," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

पुस्तक सुनेच्या पिशवीतच होतं. तिनं ते काढून टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली.

"तुमचं?"

"सासूबाईंचं."

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सासूबाई गेल्या म्हणून कार्ड बंद करायचंय, हे हिनंच तर आत्ता सांगितलं होतं. पण इतकी वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला लोकांच्या तऱ्हा नव्या नसतात.

"मग बसा ना तिकडं. घाई नाही काही."

सून वाचनकक्षात जाऊन बसली. पुस्तकात खूण म्हणून सासूबाईंच्या केसातला आकडा घातलेला होता. शेवटी शेवटी त्यांना पुस्तक हातात धरवत नव्हतं, म्हणून सूनच वाचून दाखवायची. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या, "एवढंसं तर राहिलंय, संपवून टाक." आणि ही म्हणाली होती, "उद्या वाचू. जीव दमलाय माझा." एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं "बरं, उद्या" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या उठल्याच नाहीत.

माणसं आली, रडली, गेली. सगळ्यांचा चहा हिनंच केला. नणंद कोणाला तरी सांगत होती, "टिपूस नाही हो हिच्या डोळ्यांत. दगड आहे दगड." सुनेला ते पटलं. आपल्याला रडू येईल म्हणून तिनंही वाट पाहिली होती. नाही आलं. मग तिनं भांडी घासायला घेतली.

आता तिनं आकडा काढला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. चांगलं खणखणीत, घरी वाचायची तसं.

पेपर वाचणाऱ्यांच्या माना वळल्या. कोणीतरी "शूः" केलं. शिपाई लगबगीनं आला.

"अहो बाई, मनातल्या मनात वाचा."

"मनातलं त्यांना ऐकू जात नाही," सून म्हणाली. "कमी ऐकू येतं."

शिपायानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग काउंटरकडे. काउंटरवरच्या बाई उठून आल्या.

"मुलांच्या खोलीत मोठ्यानं वाचलेलं चालतं," त्या म्हणाल्या. "आत्ता शाळा भरल्यात. कोणी नाही तिथं."

मुलांच्या खोलीत सगळ्या खुर्च्या एवढ्याश्या. सून बसली तर गुडघे हनुवटीपर्यंत आले. तशीच बसून तिनं उरलेली पानं वाचली. गोष्टीतल्या बाईनं घर विकलं आणि भावाकडे राहायला गेली. संपलं.

"ह्यॅ!" सून म्हणाली. "एवढ्यासाठी एवढी पानं?"

आवाज अगदी सासूबाईंचा लागला. तिनं दचकून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

खुणेचं काम तेवढं राहिलं होतं. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर सासूबाई पेन्सिलीनं बारीकशी बरोबरची खूण करायच्या, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी यायला नको. एकोणीसच का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. घरपोच पुस्तकांची गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी ती एकदाच येऊ दिली. "मेला वाचलेलीच आणतो," म्हणाल्या. तेव्हापासून सूनच यायची आणि पुस्तक घेण्याआधी एकोणिसावं पान बघायची. एकदा बघायला विसरली, तर आठवडाभर बोलणी खाल्ली होती.

पेन्सिल काही सापडली नाही. मुलांच्या डब्यात हिरव्या खडूचा एक तुकडा होता. तिनं त्यानंच खूण केली. जरा मोठीच झाली.

काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक घेतलं आणि पानं चाळून फाटलंबिटलं नाही ना ते पाहिलं. हिरव्या खुणेपाशी त्या थांबल्या.

"नियमानं खुणा खोडायला हव्यात," त्या म्हणाल्या. "आम्ही खोडत नाही. खोडल्या की म्हाताऱ्या भांडायला येतात."

"वाचून झालं त्यांचं," सून म्हणाली.

"हो."

बाईंनी कार्ड घेतलं, कात्रीनं मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. "झालं बरं का," त्या हळू आवाजात म्हणाल्या. सुनेनं मान हलवली. आकडा पर्समध्ये टाकला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि निघाली.

दाराशी, परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी उभी होती. चालता चालता तिचा हात वरच्या एका पुस्तकावर पडला. तिनं ते उचललं आणि पान न शोधता बरोबर एकोणिसाव्यावर उघडलं. पान तिनं उजेडाकडे धरलं, खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. कोरं होतं.

ती परत फिरली. पुस्तक काउंटरवर ठेवून पिशवीची घडी मोडू लागली.

"हे द्या," ती म्हणाली. "हे नाही वाचलेलं त्यांनी."

कार्डाचे दोन तुकडे अजून टेबलावरच होते.