येलवेंचं तळं

दारातल्या बाईने ‘शेट’ अशी हाक मारली आणि सिताराम येलवे, खोटं कशाला सांगा, मनातून सुखावले. कोपरखैरण्यात सगळी नोकरी झाली, रिटायर झाले, सोसायटीचे सेक्रेटरी झाले, पण शेट म्हणून कुणी विचारलं नव्हतं. हा मान गावाकडच्या आपल्या जमिनीत तळं बांधल्यावर मिळाला.

बाईचं नाव पुतळा. गावाखालच्या कातकरवाडीतली. वाडीतली माणसं इकडे नालेसफाईला आली होती, त्यांच्याच टेम्पोत बसून ती आली आणि पत्ता विचारत विचारत जिना चढली. आत यायला तयार नव्हती. येलवेंच्या आईने, चांगुणाबाईंनी, दटावून तिला खुर्चीत बसवलं आणि चहा हातात दिला.

ही कशाला आली असणार ते येलवेंनी ओळखलं. तळ्याचा आराखडा काढून देणाऱ्या सल्लागाराने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. बारमाही झरा येलवेंच्या सातबाऱ्यात, तेव्हा त्याच्या तोंडाशी तळं खणलं तर कोण काय बोलणार? खाली वहाळ आटेल, वाडीतल्या बाया वहाळात डवरा खणून पाणी भरतात तो कोरडा पडेल, थोडी ओरड होईल, मग गप्प बसतील. फक्त तळ्यावर कुणाला भरू देऊ नका. आज हंडा भरू दिलात की उद्या वहिवाट सांगतील. येलवेंना हे पुरतं पटलं. त्यांनी कुंपण घातलं, भावकीतल्या किसनला राखणीला ठेवलं आणि ताकीद दिली, वाडीतल्या कुणाचा हात तळ्याला लागता कामा नये. पाणी घाण करतात.

तर येलवे कायदा जिभेवर घेऊन बसले. पण पुतळा भांडेचना. उलट तळ्याचं कौतुक करायला लागली. केवढं मोठं, आत निळं प्लास्टिक काय, पाणी कसं नितळ. मग हळूच म्हणाली, किसनला कामावरून काढू नका. तो आम्हाला पाणी देतो हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय असं त्याला वाटतंय, बिचाऱ्याने धसका घेतलाय. डवरा आटल्यापासून बाया कुंपणाशी येऊन बसायच्या, पोरं पाणी पाणी करायची. त्याला बघवलं नाही.

“लई नेकीचा मानूस हाय, शेट. तळ्याला हात लावू देत नाय. आमी खाली हंडा धरतो, त्यो वरून ओततो. पाऊस लागंपर्यंत तेवढं चालू द्या.”

“वरून?” चांगुणाबाईंनी विचारलं.

पुतळाला वाटलं म्हातारीला नीट कळलं नाही. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात लांब करून दाखवलं. हंडा असा धरायचा, लांबून. म्हणजे शिवाशिव होत नाही.

चांगुणाबाई मुलाकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

“आमाला पन वरनंच वाढायचे पानी. विहिरीवर कोन येतंय त्याची वाट बघत आयेसंगं उभी ऱ्हायची मी. तुला सांगितलेलं ना रे?”

“सांगितलं होतंस,” येलवे म्हणाले.

सांगितलं होतं म्हणजे काय, शंभरदा सांगितलं होतं. आणि येलवे तरी कुठे विसरले होते? मार्चमध्ये आईला आणि नातीला घेऊन महाडला गेले होते, दरवर्षी जातात. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतलं. नातीला पायरीवर बसवून सगळा इतिहास सांगितला होता. आणि तिथून गाडी सरळ गावाला नेली होती, कुंपणाचे खांब नीट बसलेत का ते बघायला. येलवेंना लाज वाटली. भर चौकात कुणी अंगावरचा शर्ट उतरवून घ्यावा तशी लाज. आईकडे बघवेना म्हणून त्यांनी पुतळाकडे बघितलं, तर ती त्यांच्याकडे आशेने बघत होती. ते जास्तच वाईट.

“झऱ्याचं तोंड मोकळं कर,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आधी वहाळ वाहू दे. मग उरंल त्यात भर तुजं तळं.”

येलवे कायद्याचं काही बोलले नाहीत. करतो म्हणाले. वहाळ मोकळा होईपर्यंत तळ्यावर येऊन हवं तेवढं भरा, फाटक आजच उघडायला लावतो, असंही पुतळाला म्हणाले. तिने नुसती मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही हे कुणालाही दिसलं असतं. म्हणून तिच्यासमोरच त्यांनी किसनला फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

येलवेंनी तोंड उघडायच्या आतच पलीकडून घाबराघुबरा आवाज आला.

“साहेब, आईशप्पत सांगतो. वाडीतल्या एकाचा पन हात तळ्याला लागू दिला नाय. तुमी सांगितलंत तसंच.”