महिनाभर भेट नाही

“खिडक्या सगळ्या बागेकडे उघडतात,” संचालक म्हणाले आणि त्यांनी पडदा बाजूला सारला.

आईने बाग पाहिली. वडिलांनी गज पाहिले. त्यांच्यासोबत आलेली सल्लागार मात्र दारापाशी वाकून कडी कुठल्या बाजूला आहे ते बघत होती. कडी बाहेरून होती.

वाट चुकलेल्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या, घराशी अबोला धरून बसलेल्या मुलामुलींसाठी अशी निवासी केंद्रं हल्ली बरीच निघाली होती. त्यातलं चांगलं कुठलं आणि नुसतं चकचकीत कुठलं, हे आईवडिलांना समजावं म्हणून मदत करणं हे तिचं काम. मूल हाताबाहेर गेलं की माणसं इतकी टेकीला येतात की जो गोड बोलेल त्याच्या हवाली करून मोकळी होतात. म्हणून ती स्वतः जाऊन बघायची.

कार्यालयात चहा आला.

“मुलीचं काय?” संचालकांनी विचारलं.

“दहावीपासून बिनसलं,” वडील म्हणाले. “उशिरा झालेली, एकुलती एक.”

“स्वभावाने?”

“बडबडी!” आईचा चेहरा एकदम उजळला. “अंघोळीला गेली की गाणी. शब्द सगळे चुकीचे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे काका ओरडायचे, ‘अगं, दुसरं कडवं राहिलं!’ यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहायची. वळण आलं की हात दाखवणार हीच, यांनी दाखवलेला चालायचा नाही. एकदा स्वतःचे केस स्वतः कापले. एक बाजू कानाशी, दुसरी खांद्याशी. मी डोक्याला हात लावला, तर म्हणते कशी, ‘आई, दोन्हीकडून वेगळी दिसते की नाही?’”

वडील हसले. सल्लागार खाली मान घालून लिहीत होती, तिच्याही ओठांचा कोपरा हलला.

“गायची, उभी राहायची…” संचालक किंचित थांबले. “सगळं झालंगेलं असल्यासारखं बोलताय तुम्ही.”

“अशा घरांतले आईवडील असेच बोलतात,” सल्लागार म्हणाली. “आधीची मुलगी वेगळी आणि नंतरची वेगळी.”

संचालकांनी समजूतदारपणे मान हलवली.

“मग घर गप्प झालं,” आई म्हणाली. “खोलीचं दार बंद. ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच उचलायचं. मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायची. शेजारच्यांना वाटावं, चाललंय सगळं नीट.”

“याआधी कुठे ठेवलं होतं?”

“ठेवलं होतं एका ठिकाणी,” वडील म्हणाले. “पहिला महिना भेट नाही, फोन नाही. तिथला नियमच तसा. मी दर रविवारी जायचो तरी. भिंतीला लागून गाडी उभी करायची आणि बसायचं. पेपर उघडायचा, अक्षर वाचलेलं आठवत नाही. वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग होती. त्यातली तिची कुठली असेल, याचा अंदाज बांधायचा. एकदा राहवलं नाही. कामावरून घरी आलो की खालून हॉर्न वाजवायचो मी, दोनदा. तसा वाजवला. पहारेकऱ्याने हाकलून दिलं.”

सल्लागाराचं पेन थांबलं होतं. तिने वर बघितलं, वडिलांकडे. मग पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“हे… घरात कुणाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“हिलासुद्धा नाही,” ते म्हणाले. “भाजी आणायला जातो म्हणून निघायचो.”

“आणि रिकाम्या पिशवीने परत यायचे,” आई म्हणाली. “मी विचारलं नाही.”

संचालक खुर्चीत पुढे सरकले. “आमच्याकडेही पहिला महिना भेट नाही. मुलांच्याच भल्यासाठी. माझं ऐकाल तर उशीर करू नका. आजच जागा धरून ठेवा, उद्याचं सांगता येत नाही.”

“रात्री मुलींसोबत कोण असतं?” सल्लागाराने विचारलं. तिचा आवाज पुन्हा कामाचा झाला होता.

“दाराला कडी असते. सुरक्षेत आम्ही हयगय करत नाही.”

“एखादीने जेवायचं नाकारलं तर?”

“इथे कुणी नाकारत नाही.”

“ज्यांच्या मुलीला इथे बरं वाटलं नाही, अशा एखाद्या घराशी बोलता येईल का?”

संचालक हसले. “असं घरच नाही हो. सगळीच मुलं इथून सुधारून जातात.”

तिने वही मिटली आणि आभार मानले. बाहेर पडताना वऱ्हांड्यात आठ-दहा मुली बसल्या होत्या. संचालकांना बघताच सगळ्या एकदम उठल्या, एका सुरात नमस्कार म्हणाल्या आणि एकदमच बसल्या. एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही. आईने सल्लागाराचा हात घट्ट धरला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

“ते बेकरीवाले उद्या तुझ्याकडे येतील ना, त्यांच्या मुलीला कुठे ठेवायचं ते विचारायला?” वडिलांनी विचारलं. “त्यांना काय सांगायचं?”

“इथे नको म्हणून सांगते,” सल्लागार मागच्या सीटवरून म्हणाली. “सोमवारी डोंगराकडचं ठिकाण बघून येऊ. याल ना दोघं?”

“न यायला काय झालं,” आई म्हणाली. “पण दर वेळी ते सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि तेही तुझ्यासमोर. तुला काय वाटत असेल, याने माझाच जीव अर्धा होतो.”

सल्लागार पुढे सरकली आणि दोन सीटांच्या मधोमध हनुवटी टेकवून बसली.

“सांगत जा गं आई,” ती म्हणाली. “तेव्हा मी आत होते. बाहेर काय चाललं होतं, ते मला आत्ता कळतंय.”